अनुदान अडकतं ते गायीच्या कानात

गायीच्या दुधाला लिटरमागं सरकार पाच रुपये, सात रुपये देणार ही बातमी गावात सकाळच्या दुधाबरोबरच पोचते. पैसे खात्यावर यायला मात्र तीन ठिकाणच्या नोंदी जुळाव्या लागतात. गायीच्या कानातला बिल्ला, शेतकऱ्याचं आधार जोडलेलं बँक खातं आणि डेअरीवरचा कोड. सांगोला-पंढरपूर पट्ट्यात संकलन केंद्रावर बसून २०२४ च्या अनुदानाच्या याद्या आम्ही भरल्या, परत आलेल्या दुरुस्त केल्या, पुन्हा पाठवल्या. वरून निधी उशिरा आला म्हणून रखडलेले हप्ते होतेच. पण ते आज ना उद्या सुटतात. कायमचे बुडतात ते नोंद न जुळलेल्यांचे, आणि ही दुरुस्ती जवळजवळ सगळी शेतकऱ्याच्या आणि संकलन केंद्राच्या हातातली आहे.

आधी हिशोब सांगतो. २०१८ च्या जुलैतल्या दूध आंदोलनानंतर १ ऑगस्टपासून दूध संघ आणि खासगी दूध प्रक्रिया प्रकल्पांनी गायीच्या दुधाला लिटरला २५ रुपये द्यायचे आणि सरकारने त्यांना ५ रुपये द्यायचे, असं ठरलं. तेव्हा सरकारचा पैसा प्रकल्पाकडे जात होता. २०२४ मध्ये पद्धत उलटी झाली आणि रक्कम थेट शेतकऱ्याच्या खात्यात येऊ लागली. पहिला टप्पा ११ जानेवारी ते १० फेब्रुवारीचा होता, तो पुढे १० मार्चपर्यंत वाढला. प्रकल्पाने किमान २७ रुपये द्यायचे, वर सरकारचे ५. १ जुलैपासून ३.५ फॅट (दुधातली स्निग्धता) आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धता सोडून उरलेले घन पदार्थ) या प्रतीला ३० रुपये अधिक ५. १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर त्याच प्रतीला २८ रुपये अधिक ७. जुलैची बेरीज पस्तीस, ऑक्टोबरचीही पस्तीसच. अनुदान वाढलं म्हणून फटाके वाजले, पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दहा दिवसाला बिलातून हाती येणारा भाग दोन रुपयांनी घटला आणि उधारीवरचा तेवढाच वाढला. पेंडीच्या दुकानदाराला उधारीवरचे सात रुपये चालत नाहीत.

प्रत कमी भरली तर पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅट किंवा एसएनएफला, तीस पैसे वजा व्हायचे. ऑक्टोबरच्या दरानं ३.३ फॅट आणि ८.४ एसएनएफ लागलं, तर फॅटचे दोन आणि एसएनएफचा एक असे तीन पॉइंट, म्हणजे नव्वद पैसे जाऊन २७ रुपये १० पैसे. अनुदान लिटरवर धरायचं, पॉइंटवर नाही. रोज ४० लिटर घालणाऱ्याचे दहा दिवसांचे ४०० लिटर, सातच्या हिशोबानं २८०० रुपये. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ६१ दिवसांचे २४४० लिटर, म्हणजे १७,०८० रुपये. एका चांगल्या गायीच्या पेंडीचा मोठा वाटा त्यातून निघतो, तेव्हा दुर्लक्ष करावं अशी ही रक्कम नाही.

२०२४ च्या अनुदानात कोण बसत नव्हतं, हेही आधीच सांगितलेलं बरं. म्हशीच्या दुधाला यातलं काही नव्हतं. पंढरपुरी म्हैस ज्या तालुक्याचं नाव सांगते तिथल्याच म्हैसवाल्याच्या हाती काही लागलं नाही, यावर केंद्रावर रोज टोमणे ऐकायला मिळायचे. गाय-म्हैस एकाच कॅनमध्ये मिसळून घालणाऱ्यालाही गायीचं दूध वेगळं मोजून, वेगळी नोंद करून घ्यावी लागते. सोलापुरात हॉटेलला किंवा घरोघरी रतीब घालणारा बाहेर. रोख पैसे घेणारा बाहेर, कारण दुधाचं बिल बँकेतूनच जमा झालेलं असलं पाहिजे. आणि आपलं दूध शेवटी ज्या प्रकल्पात जातं त्या प्रकल्पानं योजनेत नोंदणी केलेली असली पाहिजे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या कडेच्या गावांनी हे विशेष विचारून घ्यावं. टँकर राज्याबाहेरच्या प्रकल्पात जात असेल तर इथं कितीही कागद जमवले तरी उपयोग नाही.

आता बिल्ल्याकडं येऊ. इथंच सगळ्यात जास्त गाडी अडते.

पिवळा बिल्ला, त्यावर बारकोड आणि बारा आकडे. हा नंबर ‘भारत पशुधन’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन नोंदीत असतो आणि त्याच्यापुढं मालकाचं नाव, मोबाइल, गाव, जनावराची जात, वय लिहिलेलं असतं. अनुदानाच्या यादीत आपण बिल्ल्याचा नंबर देतो, तेव्हा तपासणी होते ती या नोंदीशी. कानात बिल्ला आहे म्हणजे काम झालं असं बहुतेक जण धरून चालतात. कानात बिल्ला आणि नोंदीत दुसऱ्याचंच नाव, हा प्रकार आमच्याकडं सर्रास निघाला. याचं कारण जुनं आहे. लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणात बिल्ले मारले गेले तेव्हा एका दिवसात वस्तीच्या वस्ती उरकायची घाई होती. ज्याचा मोबाइल हाताशी होता त्याच्या नंबरावर शेजारच्या चार दावणींतल्या गायी चढल्या. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. अनुदान आलं आणि एकाच्या नावावर बावीस गायी, शेजाऱ्याच्या नावावर एकही नाही, असं चित्र समोर आलं.

तपासायची सोपी वाट म्हणजे ‘१९६२’ हे पशुपालकांचं ॲप. स्वतःच्या मोबाइल नंबरानं आत गेलं की त्या नंबरावर कोणकोणती जनावरं आहेत ते दिसतं. न दिसलेली गाय दुसऱ्याच्या नंबरावर आहे किंवा मुळात चढलेलीच नाही. दोन्हीची दुरुस्ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून होते. तिथं जाताना बिल्ल्याचा स्पष्ट फोटो, आधारची प्रत आणि चालू मोबाइल घेऊन जावं. तोंडी नंबर सांगू नये.

फोटोचं मुद्दाम सांगतो. धारेच्या वेळी गाय दावणीला शांत उभी असते. तेव्हा ओल्या फडक्यानं बिल्ला पुसायचा, कानाचे केस बाजूला करायचे, उजेडाकडं तोंड करून फोटो घ्यायचा. शेणाचा थर वाळला की ८ चा ३ दिसतो आणि १ चा ७. गव्हाणीच्या लोखंडाला घासून मधलेच आकडे उडालेले असतात. नंबर चार-चार-चारच्या गटात मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं लिहून परत वाचून दाखवायचा. एकट्यानं वाचून एकट्यानं लिहिलेल्या यादीत चूक निघतेच.

बिल्ला पडला असेल तर नवा मारताना जुन्या नंबराची नोंद नव्याला जोडून घ्यायची. ते न करता नवीन जनावर म्हणून चढवलं तर एकाच गायीचे दोन नंबर होतात, आणि डेअरीच्या यादीत कोणता दिलाय यावर सगळं अवलंबून राहतं. विमा उतरवलेल्या गायींच्या कानात कधी विमा कंपनीचा वेगळा बिल्ला असतो, त्याचा नंबर यादीत चालत नाही. बिल्ला मारून घेताना तो कानाच्या मधोमध, शिरा चुकवून बसला पाहिजे. कडेला मारलेला कान फाडून जातो. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून किडे पडतात, म्हणून चार-आठ दिवस कान बघत राहायचा आणि औषधाचा फवारा मारायचा.

बाजारातून आणलेल्या गायीचं प्रकरण वेगळं. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गाय घेतली, कानात बिल्ला होता, घरी आणून दूध घालायला लागलो. नोंदीत मात्र मालक अजून जुनाच. व्यापारी मधे असेल तर गाय देणाऱ्याचं गावसुद्धा कळत नाही. म्हणून पैसे मोजायच्या आधी बिल्ल्याचा फोटो आणि विकणाऱ्याचा मोबाइल नंबर घ्यायचा, पावतीवर बिल्ल्याचा नंबर लिहून घ्यायचा आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन मालक बदलून घ्यायचा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम आहे, पण बिल्ला असणं आणि मालकबदल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात पहिल्याची खात्री होते, दुसऱ्याची आपणच करायची. जुना बिल्ला कापून नवा मारायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. लसीकरण, रेतन, विमा सगळ्याचा इतिहास जुन्या नंबरावर असतो.

मेलेल्या गायी हा आणखी एक घोळ. २०२२ च्या लम्पीत गेलेल्या कित्येक गायी नोंदीत जिवंतच आहेत. यादी भरताना घाईत मालकाच्या नावावर दिसतील ते सगळे नंबर टाकले जातात, त्यात या गायीही येतात. पुढं प्रत्यक्ष पडताळणीला माणूस दारात आला की दावणीला चार आणि यादीत सहा. उलटही होतं. दोन गायींच्या बिल्ल्यांवर रोज साठ लिटर दूध दिसलं की विचारणा ठरलेली. दावणीला गायी पाच असतील तर पाचांचेही बिल्ले द्या. दोन दिले तरी चालतं असं सांगणारा केंद्रचालक स्वतःचं काम वाचवत असतो.

घरातल्या घरात जुळवाजुळव करावी लागते ती नावांची. गायी वडिलांच्या नावावर, डेअरीचा कोड मुलाच्या, खातं सुनेचं. आमच्या भागात अशी घरं कमी नाहीत. तिन्ही ठिकाणी एकच माणूस आणायचा तर कोणतं बदलायचं? कोड बदलू नका असंच आम्ही सांगत आलो. कोडावर पेंडीची उचल असते, दिवाळीला मिळणारा दरफरक असतो, वर्षाच्या लिटरांची बेरीज असते. ते सगळं विस्कटतं. गायींचा मालक नोंदीत बदलणं घरातल्या घरात सोपं जातं. कोड मयत वडिलांच्या नावावर चालू असेल तर मात्र तो बदलावाच लागतो. गेलेल्या माणसाच्या आधारवर पैसे येणार नाहीत, आणि बँकेला कळलं की खातंही थांबतं.

काही ठिकाणी याहून वाईट असतं. संकलक गावातलं सगळं दूध आपल्या एकाच कोडावर प्रकल्पाला घालतो आणि शेतकऱ्यांना वहीवर रोख वाटतो. अशा गावात शेतकरी प्रकल्पाच्या दप्तरात अस्तित्वातच नसतो. अनुदान जाहीर झाल्यावर कोड पाडून मागच्या तारखेचं दूध दाखवता येत नाही. आज योजना चालू असो नसो, आपल्या नावाचा कोड प्रकल्पाच्या संगणकात आहे का, हे पावतीवर बघून घ्यावं.

बँकेच्या बाजूला लोकांचा एक ठाम गैरसमज असतो. खात्याला आधार दिलंय, केवायसी झालीय, मग अडचण काय? सरकारी पैसा आधारवर सोडला की तो एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढं ज्या बँकेचं नाव असेल तिकडं जातो. अशी बँक एका वेळी एकच असते आणि शेवटची संमती जिथं दिली ती धरली जाते. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेसाठी बायाबापड्यांनी पोस्टात, नव्या बँकांत खाती उघडली. आधारची जोडणी तिकडं सरकली. दुधाचा कोड बाईंच्या नावावर असलेल्या घरांत मग ‘अनुदान आलंच नाही’ अशी तक्रार, आणि पैसे मात्र पोस्टाच्या खात्यात पडून. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावलं किंवा आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघितली की कोणती बँक आहे ते कळतं. तक्रार करण्याआधी हे बघावं.

खात्याच्या बारीक गोष्टी तशाच. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, देना या बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, पण घरातलं पासबुक जुनंच आणि त्यावरचा आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोडही जुना. हा कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथं इंग्रजी ओ टंकला की ओळ बाद. केंद्रावर यादी भरणाऱ्यानं फक्त ही पाचवी जागा तपासली तरी बरीच डोकेदुखी वाचते.

दूध बिलं दहा दिवसांची असतात. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. एकतीसच्या महिन्यात तिसरा दहावडा अकरा दिवसांचा. अनुदानाची यादीही त्याच मापानं जाते. कोड, नाव, आधार, खातं, आयएफएससी, बिल्ल्यांचे नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. केंद्र ही यादी प्रकल्पाला देतं, प्रकल्प आपल्या लॉगिनमधून ती चढवतो, आणि प्रत्यक्ष बिल दिल्याच्या बँकेच्या नोंदींशी तिचा मेळ लावला जातो.

यादी एक्सेलमध्ये भरताना होणाऱ्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की त्या सविस्तर सांगतो. आधार बारा आकडी, बिल्लाही बारा आकडी. रकाने अदलाबदल झाले तर नुसत्या नजरेला कळत नाही. एक खूण धरा. आधार नंबर शून्यानं किंवा एकानं कधीच सुरू होत नाही. आधारच्या रकान्यात एकानं सुरू होणारा नंबर दिसला की तो आधार नाही. दुसरं, एक्सेल बारा आकड्यांचा नंबर सरळ न दाखवता ‘१.२३ई+११’ असल्या रूपात दाखवतं. तोवर नंबर आत शाबूत असतो. तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मागचे आकडे शून्य होतात. फाइल पुन्हा उघडून रकाना नीट केला तरी गेलेले आकडे परत येत नाहीत. बँक खात्यांचं याहून वाईट. शून्यानं सुरू होणाऱ्या खात्याचं पुढचं शून्य उडतं, आणि सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा एक्सेल स्वतःहून शून्य करतं, कारण ते पंधरा आकड्यांपुढं मोजत नाही. एका केंद्राच्या यादीत सगळ्यांची खाती शून्यानं संपत होती आणि ते पाठवेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उपाय एवढाच की कोरी फाइल उघडल्याबरोबर, काही भरायच्या आधी, हे तिन्ही रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे. भरल्यावर केलेल्या टेक्स्टचा उपयोग नाही.

बिलाच्या रकमेचा मेळ लागत नाही तो वजावटीमुळं. शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल ११,२०० रुपये, त्यातून पेंडीची उचल ४,००० कापली, खात्यावर गेले ७,२००. तपासणाऱ्यानं ७,२०० ला ४०० लिटरनं भागलं तर दर येतो १८ रुपये, म्हणजे ठरलेला दर दिला नाही असा अर्थ निघतो. म्हणून बिलावर एकूण रक्कम, वजावट कशाची आणि निव्वळ रक्कम अशा तीन वेगळ्या ओळी हव्यात. ज्या केंद्रांची बिलं एकाच आकड्यात असतात त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याकडून हे आधी करून घ्यावं. उचल कापण्यात गैर काही नाही, ती दिसली पाहिजे एवढंच.

यादी परत येते तेव्हा त्रुटींपुढं कारण थोडक्यात असतं आणि मुदत कमी. आम्ही त्रुटी तीन गठ्ठ्यांत वेगळ्या काढायचो. टंकलेखनाच्या चुका केंद्रावरच सुटतात, त्या त्याच संध्याकाळी. बँकेच्या चुकांना शेतकऱ्याला स्वतः जावं लागतं, म्हणून त्यांना सकाळच्या दुधाला चिठ्ठी द्यायची. बिल्ल्याच्या चुका सगळ्यात वेळखाऊ, कारण एका पशुधन पर्यवेक्षकाकडं अनेक गावं असतात. तिथं एकेकट्यानं खेटे घालण्यापेक्षा केंद्रानं वस्तीवार यादी करून, फोटो जोडून, दवाखान्यात एकदम दिली की काम हलतं. दुरुस्ती ॲपमध्ये झाली तरी यादी पुन्हा प्रकल्पाकडून चढवून घ्यावी लागते. दवाखान्यातून आलो, आता पैसे येतील, असं समजून घरी बसलेले बरेच राहून गेले.

पैसे येतात तेव्हा पासबुकात कोणत्या दहावड्याचे ते लिहिलेलं नसतं. हप्तेही क्रमानं येतात असं नाही, ऑक्टोबरचा आधी आणि ऑगस्टचा नंतर असंही होतं. रक्कम पाचनं किंवा सातनं भागा, लिटर निघतील. ते कोणत्या बिलाशी जुळतात ते बघा. १,९२५ आले तर पाचच्या दरानं ३८५ लिटर, सातच्या दरानं २७५. दोन्ही लिटरांचं बिल घरात असेल तर आसपासच्या शेतकऱ्याला कोणता हप्ता आलाय ते विचारून घ्यावं. यासाठी दहा दिवसांच्या पावत्या फेकू नयेत. मोबाइलवर संदेश येणाऱ्यांनी तो संदेश पुसू नये.

एखादा दहावडा राहिलाच तर अर्ज केंद्रामार्फत प्रकल्पाकडं आणि एक प्रत जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. सोबत त्या दहावड्याचं बिल, बिल जमा झाल्याची पासबुकाची पानं, आधार-बँक जोडणीच्या स्थितीचा कागद आणि प्रत्येक गायीच्या बिल्ल्याचा फोटो. अर्जात ‘अनुदान मिळालं नाही’ एवढंच लिहू नये. कोड, तारीख ते तारीख, लिटर आणि रक्कम लिहावी आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेऊनच कार्यालयातून निघावं.